फासा कलंडलेला होता

मित्राबरोबर वॉरहॅमर खेळायचं ठरवलंय म्हणता? उत्तम. मग आधी मित्र एकच आहे ना, याची खात्री करून घ्या. चार मित्र असले की माणूस सैलावतो. एक रुसला तर दुसऱ्याला फोन लावतो, आणि भांडणाला धार म्हणून राहत नाही. या बाबतीत माझं नशीब थोर. लेस्टरमध्ये राहणारा, मराठीत भांडणारा, उंदीरमाणसांची दीडशेची प्लास्टिक फौज बाळगणारा आणि रविवारी दुपारी चार तास मोकळा असलेला इसम मला एकच सापडला. हा गेला तर दुसरा मिळणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यालाही आहे. खालचा सल्ला या भक्कम पायावर उभा आहे.

ज्यांना हा खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल, त्यावर दीडेक इंच उंचीचे सैनिक, हातात इंचांचा टेप आणि मूठभर फासे. सैनिक तुम्हीच कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि मग मित्राच्या हातून मारून घ्यायचे. लहानपणी दिवाळीत किल्ला केला असेल तर तुमचं निम्मं शिक्षण झालेलंच आहे. फरक एवढाच, की किल्ल्यावरचा मावळा बुरुजापेक्षा उंच असला तरी चार दिवस भाला धरून गुमान उभा राहतो. इथला सैनिक घाबरला की नाही हे दोन फासे टाकून ठरवावं लागतं. आणि तो हमखास घाबरतो.

आता आवृत्ती निवडा. हा खेळ १९८३ सालचा. २०१५ मध्ये गेम्स वर्कशॉप या कंपनीने त्यातलं अख्खं जग कथेतच नष्ट करून टाकलं आणि त्याच्या जागी एज ऑफ सिगमार आणला. २०२४ मध्ये तेच जुनं जग ओल्ड वर्ल्ड या नावाने पुन्हा दुकानात आलं. तुम्ही या दोन्हींच्या वाटेला जाऊ नका. नवा खेळ घेतला तर नियम ताजे असतात, दोघांनाही सारखेच आठवतात, आणि दुपार वाया जाते. आम्ही २०१० ची आठवी आवृत्ती खेळतो, कारण मित्राच्या डोक्यात अजून सातवी आहे. आठवीत कधीही, काहीही मोजून बघायची मुभा आहे. त्याआधी चार्ज, म्हणजे शत्रूवर धावून जाणं, जाहीर करेपर्यंत टेपला हात लावायचा नाही, अंतर नजरेने जोखायचं, अशी रीत होती. त्यामुळे मी टेप उघडला की तो नुसता खिडकीबाहेर बघतो आणि म्हणतो, "मोज, मोज. आता काय, सगळं मोजूनच." या एका वाक्यात जेवढा अपमान मावतो तेवढा अख्ख्या उंदीरफौजेत नाही.

रंगकामाबद्दल थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण लढाई सुरू होण्याआधी जिंकण्याची ही एकमेव जागा आहे. रंग पाणी घालून पातळ करायचा आणि एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्यायचे, हे या पंथातलं पहिलं सुभाषित. त्यावर न्यूलन ऑइल नावाचं काळं पाणी सोडायचं. ते आपोआप खाचाखोचांत उतरतं आणि ज्याला चित्रकलेत काठावर पास केलं होतं त्यालाही वाटतं, आपल्या हातात काहीतरी आहे. रात्री एक वाजता, दिव्याखाली, श्वास रोखून मी एका भालेकऱ्याच्या बुबुळात पांढरा ठिपका दिला. तो गालावर गेला. पुसला, तर मिशीही गेली. शेवटी त्याला शिरस्त्राण पुढे ओढल्यासारखं काळं केलं आणि समाधानाने शेजारच्या कपातला चहा प्यायलो. चहा दुसऱ्या कपात होता.

आता हे सगळं मित्रापुढे कसं मांडायचं? त्याची फौज अजून जशी साच्यातून निघाली तशी करडी असेल. तिच्याकडे बघून काही बोलू नका. फक्त विचारा, "प्रायमर मारलायस का हा? छान मारलायस." प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) मारलेला नसतो. मात्र एक धोका लक्षात ठेवा. नुकतं रंगवून पुरं केलेलं युनिट पहिल्याच लढाईत पळून जातं. हे कुठल्याच पुस्तकात छापलेलं नाही, आणि हा एकच नियम असा आहे की त्यावर आमचा कधी वाद झालेला नाही. माझे वीस भालेकरी, सहा आठवड्यांचं काम, बुबुळांसकट (एक सोडून), दुसऱ्या टर्नला टेबलाबाहेर गेले. त्यांना पळवून लावणारे उंदीर करडे होते. दोघांना तर शेपट्याही चिकटवलेल्या नव्हत्या.

मोजमापात प्रामाणिक राहा. म्हणजे कुणालाही शपथेवर सांगता येईल इतपत. माझं पायदळ एका टर्नमध्ये चार इंच चालतं. टेप सैनिकाच्या पायाखालच्या बैठकीच्या पुढच्या कडेला लावायचा आणि सैनिक सरकवल्यावर त्याचीही पुढचीच कडा बघायची. पण सरकवताना बोट जाड असतं, टेपला पोक येतो, आणि "चार" म्हणता म्हणता सव्वाचार होतात. सहा टर्नचा खेळ. दीड इंच फुकट. मित्राने हरकत घेतली तर टेप त्याच्याच हातात द्या आणि म्हणा, "तूच हलव बाबा." तो ओशाळून पावणेपाच हलवतो.

तोफेला दिसतं की नाही हा प्रश्न निघाला की खाली वाका. नियमाप्रमाणे सैनिकाच्या डोळ्यांनी बघायचं असतं, म्हणून चाळिशी उलटलेले दोन गृहस्थ टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून, एक डोळा मिटून, प्लास्टिकच्या झाडामागे उंदराचा कान दिसतो का ते बघतात. गालिच्यावर गुडघे टेकलेले असतात. ही स्थिती सोडू नका. जो आधी "कंबर गेली" म्हणून उठतो, त्याला दिसलेलं नसतं असं धरतात. तोफेसाठीचा फासा वेगळा असतो: त्यावर दोन, चार, सहा, आठ, दहा आणि सहाव्या बाजूला मिसफायर. मिसफायर पडला, म्हणजे बार फसला, की कधी कधी तोफच फुटते. ती फुटली की मित्राच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यासाठी त्याला पुन्हा जेवायला बोलवावं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं.

या खेळाचे आजोबा प्रशियाचे. १८२४ च्या सुमारास तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांसाठी क्रीगस्पील नावाचा नकाशावरचा युद्धखेळ रचला गेला. त्यात खेळाडू हुकूम लिहून द्यायचे आणि सोंगट्या हलवायचं काम मधला पंच करायचा. शहाणी माणसं! आमच्याकडे माझी फौज एम्पायर या माणसांच्या साम्राज्याची आहे, पण अंपायर नाही. एकदा मित्राच्या आठ वर्षांच्या मुलीला नेमून पाहिलं. तिने दहा मिनिटं आमचं ऐकून घेतलं, आयपॅड उचलला आणि जाता जाता निकाल दिला, "बाबा, यू आर बोथ चीटिंग." तेव्हापासून ते पद रिकामं आहे.

आता मुख्य विषय, फासे. गेल्या महिन्यातली पाचवी टर्न. माझ्या तलवारबाजांना उंदरांच्या बगलेत घुसायचं होतं. अंतर अकरा इंच. चाल चार, अधिक दोन फाशांची बेरीज. म्हणजे सात किंवा जास्त हवे. छत्तीसपैकी एकवीस शक्यता माझ्या बाजूच्या. मी फासे तळहातात घोळवले, फुंकर मारली (मारायचीच) आणि टाकले. पहिला तीन. दुसरा घरंगळत जाऊन चिवड्याच्या वाटीला टेकला आणि तिथेच कलंडून थांबला. वर सहा.

"नऊ!" मी म्हणालो.

"कसले नऊ? डाइस कलंडलाय. परत टाक."

"सहा दिसतोय."

"मला चारपण दिसतोय."

अशा वेळी काय करावं, याचा रिवाज आहे. कलंडलेल्या फाशाच्या डोक्यावर दुसरा फासा ठेवून बघायचा. टिकला तर दान खरं, घसरला तर परत टाकायचं. मी ठेवला. टिकला. एक, दोन, तीन सेकंद दोघंही बघत होतो. तेवढ्यात आत कुणीतरी फ्रीजचं दार लावलं, आणि वरचा फासा अलगद घसरून चिवड्यात पडला.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. आठव्या आवृत्तीचं पुस्तक पाचशेहून जास्त पानांचं आहे. कुत्र्याला फेकून मारता येणार नाही, दया येईल, इतकं जड. आणि त्यात सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणून काय छापलंय? तर वाद झाला, तोडगा निघेना, तर एक फासा टाका, लागेल तो कौल माना आणि पुढे खेळा. एवढी पानं लिहून झाल्यावर हे! माझा सल्ला असा, की पुस्तक आणल्याबरोबर हे पान शेजारच्या पानाला चिकटवून टाकावं. घरात सुपरग्लू असतोच. मी चिकटवलं नव्हतं. मित्राला ते पान नेमकं सापडलं. एक ते तीन तो, चार ते सहा मी. मी फासा टाकला. तो टेबलावरून उडी मारून खाली गेला, रेडिएटरच्या मागे. आम्ही दोघं मोबाइलचे टॉर्च लावून पालथे पडलो. धुळीच्या गोळ्यात, अगदी सपाट, सरळ, निःसंशय पाच.

"जमिनीवरचा धरत नाहीत," मित्र पालथा पडूनच म्हणाला.

धरतात की नाही हे पुढली पन्नास मिनिटं चाललं. त्यात २०१७ सालचा एक चार्ज निघाला, त्याच्या लग्नातला माझा उशीर निघाला, आणि मी एकदा पत्त्यांतसुद्धा रडीचा डाव खेळलो होतो तेही निघालं. चार्ज झालाच नाही. उंदीरवाला मात्र तेवढ्या वेळात चिवड्यातले सगळे शेंगदाणे वेचून खाऊन बसला.

हरलात तर अभिनंदन करू नका. तुमचं नेमकं कुठे बिनसलं ते त्याला समजावून सांगा. निदान अर्धा तास, तो बूट घालत असताना. जिंकलात तर मात्र खांद्यावर हात ठेवून म्हणा, "तू चांगला खेळलास रे, तुझे डाइसच वाईट पडले." याहून खोल जाणारं शस्त्र मला माहीत नाही. रात्री पावणेबाराला पान क्रमांकासकट व्हॉइस नोट पाठवायची. निळी टिक आली आणि उत्तर आलं नाही, की निवांत झोपा.

आणि एवढं करूनही तो पुढच्या रविवारी आलाच, तर माझ्याकडे आता शेवटचा उपाय आहे. २०१५ मध्ये एज ऑफ सिगमार निघाला तेव्हा जुन्या सैनिकांसाठी फुकट नियम दिले होते. त्यात एम्पायरचा सरदार कुर्ट हेलबोर्ग याला एक सवलत होती: खेळणाऱ्याची स्वतःची मिशी समोरच्याच्या मिशीपेक्षा मोठी आणि भारदस्त असेल, तर त्याच्या तलवारीचे चुकलेले वार पुन्हा टाकता येतात. खरंच छापलं होतं. हेलबोर्ग माझ्याकडे आहे. मी मित्राला म्हटलं, पुढचा डाव २०१५ च्या नियमांनी, बदल म्हणून. तो "चालेल" म्हणाला. मी त्या दिवसापासून वस्तरा ठेवून दिला. ऑफिसात दोघांनी विचारलं, घरी एकीने विचारणं सोडून दिलं.

तीन आठवडे तो आजारी आहे म्हणून आला नाही. व्हिडिओ कॉल केला तर कॅमेरा बंद. काल रविवारी दोन वाजता बेल वाजली. दार उघडलं. एका हातात उंदरांचा डबा, दुसऱ्या हातात चिवड्याची पिशवी, शेंगदाणे भरपूर घातलेला. आणि नाकाखाली, दोन्ही टोकांना तूप लावून वर वळवलेली, कोल्हापूरच्या तालमीत शोभेल अशी ती. आत येऊन त्याने कोट काढला, आरशात एकदा पाहिलं आणि म्हणाला,

"टेप आण. आधी ही मोजू."