खुलासा : ‘जेम्स वेब’ने महास्फोट खोटा ठरवलेला नाही

‘जेम्स वेब दुर्बिणीला विश्वाच्या आरंभीच पूर्ण वाढलेल्या सर्पिल दीर्घिका दिसल्या, म्हणजे महास्फोट झालाच नाही’ असा मजकूर फिरतो आहे. (महास्फोट, म्हणजे ‘बिग बँग’: विश्व अतितप्त, दाट अवस्थेतून प्रसरत गेले हा सिद्धांत; दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह.) या मजकुरातली अर्धी गोष्ट खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा.

तबकडीसारख्या दीर्घिका (सर्पिल दीर्घिका याच प्रकारातल्या) अपेक्षेपेक्षा लवकर आणि जास्त संख्येने दिसल्या, हे खरे. हबल या आधीच्या अंतराळ दुर्बिणीला त्याच काळातल्या दीर्घिका वेड्यावाकड्या दिसत, कारण इतक्या लांबून त्यांचा मुख्यतः अतिनील प्रकाशच हबलपर्यंत पोचे, आणि त्यात नव्या ताऱ्यांचे झुबके तेवढे उठून दिसतात. वेब अवरक्तात पाहते, त्यामुळे जुने तारे आणि मूळची घडण दिसते. पण सगळ्याच दीर्घिका तबकड्या नाहीत. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहान दीर्घिकांपैकी बऱ्याच लांबट, सिगारसारख्या असाव्यात असे आढळले. ‘पूर्ण वाढलेल्या’ हा शब्दही फसवा आहे: यातल्या बहुतेक आपल्या आकाशगंगेहून खूप लहान आहेत. काहींचे सुरुवातीला काढलेले अवाढव्य वस्तुमान तर नंतर कमी करावे लागले, कारण त्यांच्या प्रकाशात कृष्णविवराभोवतीच्या तप्त वायूचाही वाटा होता.

महास्फोटाचा आधार दीर्घिकांचा आकार नव्हताच. तो आहे विश्वाचे प्रसरण, हायड्रोजन-हेलियमचे प्रमाण आणि आरंभीच्या तप्त विश्वातून उरलेले, 1965 मध्ये शोध जाहीर झालेले सूक्ष्मलहरी प्रारण. दीर्घिकांभोवतीच्या कृष्णद्रव्याच्या (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या पदार्थाच्या) प्रभामंडळात वायू किती वेगाने ओतला जातो, तारे किती झपाट्याने घडतात, याची गणिते मात्र नव्याने मांडली जात आहेत.