गाठीत उतरला म्हणजे संपलं, हे खरं नाही

सोलापुरात व्हॉट्सॲपवर फिरणारा दावा असा: 'गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर गाठीत उतरला की शेवटची स्टेज. शेक घेऊन हाल करू नका. काही करायचंच तर आधी पिशवी काढा.' इथे गाठी म्हणजे लसिका ग्रंथी (लिम्फ नोड), शेक म्हणजे रेडिएशन. यावर विश्वास ठेवून बरी होऊ शकणारी बाई घरी बसते.

शेवटची स्टेज चौथी. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2018 च्या वर्गीकरणात ओटीपोटातल्या गाठी म्हणजे तिसरी स्टेज, 3सी1, त्याच्या वर महाधमनीलगतच्या गाठी 3सी2. धोका वाढतो, हे खरंच. तरीही अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींत 3सी1 मधल्या साधारण 60 टक्के बायका पाच वर्षांनी हयात होत्या. 3सी2 मध्ये 40 टक्क्यांहून कमी. शिवाय स्कॅनवर 1 सेंटिमीटरहून जाड दिसलेली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, टीबीनेही सुजते. शंका असेल तर पेट स्कॅन (PET, कॅन्सर कुठे पसरलाय हे दाखवणारा स्कॅन) किंवा सुईची तपासणी.

गाठी आधीच दिसत असतील तर पिशवी काढूनही शेक टळत नाही. उलट दोन्हींचा त्रास एकाच शरीराला होतो: पाय सुजणं, लघवीच्या मार्गाला इजा.

शेकाचं गणित नीट समजून घ्या. बाहेरून सुमारे 25 वेळा, पाच आठवडे, एकूण 45 ग्रे (ग्रे हे शेकाच्या डोसचं माप). कॅन्सरच्या गाठींना वाढवून 55 ते 60. महाधमनीलगत गाठी असतील तर शेकाचा भाग वरपर्यंत वाढवतात. सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लाटिन हे केमोचं औषध, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 40 मिलिग्रॅम. त्याआधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहतात, कारण हे औषध किडनीला जड जातं. मग आतून शेक, म्हणजे ब्रॅकीथेरपी. हे सगळं 56 दिवसांत संपायला हवं.

घोटाळा इथेच होतो. दोन-तीन आठवड्यांत अंगावरून जाणं थांबतं, घरच्यांना वाटतं बरी झाली, आणि आतला शेक राहून जातो. मूळ जागेला पुरेसा डोस त्यानेच मिळतो. कुणी गड्ड्याच्या जत्रेसाठी आठवडा सोडतं. मुदतीपुढच्या प्रत्येक दिवसाला आजार आटोक्यात येण्याची शक्यता अर्धा ते एक टक्क्याने घटते.

म्हणून अक्कलकोट-मंगळवेढ्याहून रोज ये-जा जमणार नसेल तर पहिल्या शेकाआधीच बार्शीला किंवा सोलापुरात राहायची सोय लावा, रेशनकार्ड घेऊन सरकारी जनआरोग्य योजनेची मंजुरी आधी काढा. मशीन बंद पडलं तर शनिवारी, किंवा सहा तासांच्या अंतराने एका दिवसात दोनदा शेक देता येईल का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.