मृत पेशी म्हणजे विष नव्हे

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: 'मृत पेशी हा शरीरात साचलेला विषारी कचरा आहे. नासका आंबा आढी नासवतो, तशा त्या शेजारच्या चांगल्या पेशी नासवतात. 16 तास उपाशी राहा, शरीर त्यांना खाऊन टाकेल, कॅन्सरही पळेल. याच शोधाला नोबेल मिळालंय.'

आधी नोबेलचं बघू. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना 2016 साली ते मिळालं ऑटोफॅजीवरच्या कामासाठी, आणि ते काम मुख्यतः यीस्टवरचं. ऑटोफॅजीत जिवंत पेशी स्वतःच्याच आतले मोडके भाग पचवते. माणसाने किती तास उपाशी राहावं, हे त्यातून ठरलेलं नाही.

'साचतात' हेही चूक. आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि लगेच उचलल्या जातात. ठरल्या क्रमाने मरणारी पेशी एटीपीसारखे रेणू बाहेर सोडून भक्षक पेशींना, म्हणजे मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशींना, बोलावते. तिच्या आवरणात आतल्या बाजूला असणारं फॉस्फॅटिडिलसेरिन हे स्निग्ध द्रव्य बाहेर येतं. ही खूण पटली की भक्षक पेशी तिला गिळते, वर दाह शमवणारे रेणूही सोडते. पोट भरलेलं असो वा रिकामं, हे चालूच असतं.

आंब्याच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. भाजल्यावर किंवा रक्तपुरवठा तुटल्यावर पेशी फुटते, आतलं सगळं सांडतं आणि आसपास दाह होतो. पण मरणारी पेशी नेहमी नासवतेच असं नाही. हायड्रा हा गोड्या पाण्यातला चिमुकला जीव मधोमध कापला, की खालच्या तुकड्याच्या कापलेल्या टोकाशी काही पेशी मरतात. मरताना त्या डब्ल्यूएनटी-3 हे प्रथिन सोडतात, शेजारच्या पेशी विभागू लागतात आणि नवं डोकं उगवतं. संशोधकांनी ते मरण रोखलं, तर डोकं आलं नाही. वरच्या तुकड्याला खरं तर पाय फुटायचा; तिथे मुद्दाम तसंच मरण घडवलं, तर डोकं फुटलं! मला तर हा प्रयोग विलक्षण वाटतो.

कॅन्सरचा दावा मात्र घातक आहे. किरणोपचाराने मरणाऱ्या गाठीतल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन ई-2 हा रेणू बाहेर टाकून उरलेल्या कॅन्सर पेशींना वाढायला मदत करू शकतात, हे 2011 साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे इथे पेशी मेली तरी प्रश्न संपत नाही. त्यात केमो चालू असताना वजन आणि ताकद टिकवणं हा उपचाराचाच भाग असतो. हा मेसेज वाचून घरातल्या कुणी जेवण सोडलं असेल, तर आजच त्यांच्या डॉक्टरांना कळवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनीही परस्पर 16 तास उपाशी राहू नये, साखर धोकादायक खाली जाऊ शकते.