थकवा आधी कानाला येतो

"काय भो, एवढा पगार घेतात पायलट लोक, तरी आराम कमीच पडतो का यांना?" २०२५च्या डिसेंबरात शेकड्यांनी विमानं रद्द झाली तेव्हा आमच्या भुसावळात हाच सूर होता. निमित्त होतं पायलटांच्या विश्रांतीच्या नव्या नियमाचं. त्याने आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास केली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आणली. त्यात काय बिघडलं?

माझी हयात रेल्वेत गेली, त्यामुळे मी कुणाची बाजू घेणार हे उघडच आहे. आमच्याकडे गेटमन फाटक लावून प्रायव्हेट नंबर, म्हणजे फाटक बंद झाल्याचा खुणेचा आकडा, देतो, स्टेशन मास्तर तो ऐकून लिहून घेतो. विमानातही तसंच. टॉवरमधून विमानांना सूचना देणारा कंट्रोलर उंची सांगतो, पायलट ती परत म्हणून दाखवतो आणि कंट्रोलरने ती नीट ऐकायची असते. घोळ होतो तो या शेवटच्या पायरीवर. पहाटे तीनला जीभ सवयीने चालते, कान मात्र जे यायला हवं होतं तेच ऐकतो. चुकीचा आकडा सहज निसटून जातो.

२७ मार्च १९७७, स्पेनचं तेनेरीफ बेट. दुसऱ्या विमानतळावरच्या बॉम्बमुळे इथे वळवलेली विमानं, तासन् तास खोळंबा, वर धुकं. डच पायलटांचे ड्युटीचे तास संपत आलेले. परवानगी नसतानाच त्यांचं जंबो धावू लागलं. टॉवरचं "थांबा" आणि समोरच्या पॅन ॲम या अमेरिकन कंपनीच्या विमानाचं "आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत" हे एकाच वेळी आलं, रेडिओच्या शिट्टीसारख्या आवाजात अर्धं बुडालं. तरी डच विमानातल्या इंजिनियरने विचारलंच, ते विमान बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठासून म्हणाला, झालंय. दोन्ही विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. मला त्या शिट्टीपेक्षा हे "झालंय" जास्त छळतं. रेडिओ सोडा, शेजारी बसलेल्याची शंकाही त्या कानात शिरली नाही.

आणि टॉवरमधल्यांच्या झोपेचं काय? त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. २००६ साली अमेरिकेत लेक्सिंग्टनला टॉवरवर एकटाच कंट्रोलर होता, ड्युटीआधी जेमतेम दोन तास झोपलेला. विमान चुकीच्या, आखूड धावपट्टीवर वळलं तेव्हा तो दुसऱ्या कामात होता. ४९ गेले. ठपका वैमानिकांवर आला आणि तो बरोबरच होता, पण तिथे दुसरा माणूस द्यायला हवा होता की नको?

आपल्या जळगाव, धुळे, शिरपूरला पोरं विमान शिकताहेत. रेडिओवर "परत सांगा" म्हणायची लाज वाटते त्यांना, मास्तर लोकांसमोर आम्हालाही वाटायची. ती पहिल्याच महिन्यात मोडून काढा. आणि रात्रपाळीच्या अटी कुणाला सैल करून द्यायच्या असतील, तर ती सही करणाऱ्याने एक रात्र टॉवरमध्ये काढून मग करावी.