‘जावा ८यू२०२ वरच थांबा’ हा सल्ला बंद करा

‘८यू२०२ हे शेवटचं फुकट जावा. तिथेच थांबा. पुढचं घेतलं तर ओरॅकलचं बिल येईल, सगळा कोड पुन्हा लिहावा लागेल आणि फायदा काहीच नाही.’ हा मेसेज फिरत फिरत आमच्या टीममधल्या नव्या पोरांपर्यंत पोचलाय, आणि ती सर्व्हर तसेच ठेवायला निघालीत. म्हणून हे उत्तर.

सगळ्यात घातक आहे ते ‘तिथेच थांबा’. ८यू२०२ म्हणजे जावा ८ चं अपडेट २०२, जानेवारी २०१९ चं. जावा काढणारी कंपनी ओरॅकल दर तीन महिन्यांनी सुरक्षेचे पॅच (दुरुस्त्या) काढते; त्यानंतरचा एकही तुमच्याकडे नाही. नेटवरचं कनेक्शन सुरक्षित ठेवणाऱ्या प्रोटोकॉलची नवी आवृत्ती, टीएलएस १.३, सुद्धा नाही, ते ८यू२६१ पासून आलं. ओरॅकलच्या जावा ८ च्या पुढच्या अपडेटना व्यावसायिक वापरासाठी पैसे पडतात, हे खरं. पण ओपनजेडीकेवरून, म्हणजे जावाच्या खुल्या सोर्स कोडवरून, बांधलेलं टेमुरिन किंवा कोरेटो घ्या ना! जावा ८ च, ताजे पॅच, फुकट. जावा १७ सारख्या नव्या आवृत्तीवर जायचं नसलं तरी २०२ वर बसून राहायला काहीही कारण नाही.

कोड पुन्हा लिहायचा? ८ वर कंपाइल केलेली जार (तयार प्रोग्रामची फाइल) १७ वर बहुतेकदा तशीच चालते. अडतं ते ठरलेल्या जागी. ११ मधून काय काढलं ते जेईपी ३२० या जावातल्या बदलाच्या अधिकृत प्रस्तावात नावानिशी दिलंय. त्यातलं जॅक्सबी (एक्सएमएल वाचायची-लिहायची लायब्ररी) हमखास नडतं. पोममध्ये (मेव्हन या बिल्ड साधनाच्या फाइलमध्ये) त्याचं एपीआय आणि रनटाइम, दोन्ही २.३ मालिकेतलं टाका. थेट ३ किंवा ४ घेतलंत तर पॅकेज ‘जकार्ता’ होतं आणि सगळे इम्पोर्ट मोडतात. लोम्बोक ही साचेबंद कोड आपोआप बनवणारी लायब्ररी वापरत असाल तर १७ साठी ती किमान १.१८.२२ हवी. स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये ‘प्रिंटजीसीडेटस्टॅम्प्स’ हा लॉगचा जुना पर्याय राहिला तर जेव्हीएम, म्हणजे जावा चालवणारा प्रोग्राम, उठतच नाही.

नव्यातही भोकं निघतात, मान्य. ईसीडीएसए या पद्धतीच्या डिजिटल सह्या तपासण्यातली गंभीर चूक १५ ते १८ मध्ये होती, ८ मध्ये नव्हती. ती एप्रिल २०२२ च्या अपडेटने बुजली.

आणि फायदा? विंडोजवर जावा ८ फाइल वाचताना सिस्टिमचं कोड पेज (विंडोजचं अक्षरांचं जुनं एन्कोडिंग) धरतं, म्हणून यूटीएफ-८ या सर्व लिप्यांसाठीच्या एन्कोडिंगमध्ये साठवलेल्या फाइलमधली मराठी नावं कचरा होऊन येतात. फाइल वाचणाऱ्या ‘फाइलरीडर’ या क्लासला एन्कोडिंग सांगायची सोयच ११ मध्ये आली. १८ पासून यूटीएफ-८ च डीफॉल्ट आहे, तेव्हा जमत असेल तर २१ च गाठा. मात्र जुन्या फाइली कोड पेजमध्येच साठवलेल्या असतील, तर ‘फाइल.एन्कोडिंग’ या सेटिंगला आधी ‘कॉम्पॅट’ (म्हणजे जुनीच पद्धत) द्या, फाइली यूटीएफ-८ मध्ये बदलून घ्या आणि मगच तो पर्याय काढा.