शिनोळीची वेस आणि श्वाइगेनचे मळे

बेळगावचा विषय निघाला की आमच्या घरच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या हद्दीवरच्या बार्ले गावातला. फरसबंदीवर पांढऱ्या फुल्यांची रांग, रेघेच्या अलीकडे खुर्ची, पलीकडे टेबल. खाली ओळ: ‘जग कुठं चाललंय आणि आपण कुठं!’ या वेळी तो पुण्याच्या मावसभावानं टाकला. बेळगावच्या मामानं ग्रुपवर अवाक्षर काढलं नाही. मला वेगळा मेसेज केला, ‘तू हद्दीजवळच राहतेस न्हवं? खरं काय ते सांग.’

राहते खरी. जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, दक्षिण फाल्त्समध्ये. घरातून सायकल काढली की अर्ध्या तासात फ्रान्स. आणि माहेर चंदगड. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, ‘चंदगड तालुका वगळून’. त्या वगळण्यामुळं मी महाराष्ट्राची झाले आणि मामाकडचे कर्नाटकाचे. तेव्हा हद्द म्हणजे काय हे मला फोटोवरून शिकायचं नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी इथं द्राक्षतोडणी ऐन भरात असते. मळ्यांतून काँक्रीटच्या अरुंद वाटा गेल्यात, ट्रॅक्टरसाठी केलेल्या, पण आम्हा रोडबाइकवाल्यांना आंदण मिळाल्यासारख्या. ट्रेलरमधून गळणारा रस रस्त्यावर सांडतो, टायर चिकट होतात, गांधीलमाश्या पाठ सोडत नाहीत. श्वाइगेन गावात ‘जर्मन वाइन दरवाजा’ नावाची दगडी अवाढव्य कमान आहे. इथून ८५ किलोमीटरचा द्राक्षमार्ग उत्तरेकडे जातो. रस्ता १९३५चा, कमान १९३६ची, म्हणजे दोन्ही नाझींच्या अमलातली. फ्रान्सच्या तोंडावर उभी केलेली ही कमान ऊन उतरायला लागलं की मला अजूनही कपाळाला आठी घालून बसल्यासारखी दिसते.

आता गंमत बघा. श्वाइगेनच्या बागाइतदारांचे कितीतरी मळे फ्रान्सच्या हद्दीत आहेत. वेली फ्रान्सच्या मातीत, मालक जर्मन. द्राक्षं तोडून ट्रॅक्टर अलीकडे येतो, रस इथं काढतात आणि बाटलीवर नाव लागतं फाल्त्सचं. कायद्यात तशी सोय करून ठेवलीय. मी एकदा अशा ट्रॅक्टरच्या मागं मागंच हद्द ओलांडली. ड्रायव्हर आजोबांनी वेग कमी केला तो फक्त मला वाट द्यायला.

मावसभावाला हे एवढंच ऐकायचं असणार. पण पुढं रस्ता चढतो.

हद्दीपलीकडचं फ्रान्समधलं विसेंबुर गाव ओलांडलं की जंगलाचा घाट लागतो, कोल द्यु पिजोनिए. मराठीत कबुतरखान्याची खिंड. (दादरच्या भांडणाशी संबंध नाही.) माथा ४३२ मीटर, म्हणजे आमच्या आंबोलीपुढं पोरखेळ, पण सरळ रस्ता असा सापडत नाही आणि सावलीत ओल्या पानांवर चाक घसरतं. खालचा दगड लाल. जांभा नव्हे, वालुकाश्म, तरी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पोटात कालवलं होतं. चेस्टनटची काटेरी बोंडं रस्ताभर पडलेली. हे जंगल दोन्ही देशांत अखंड पसरलंय आणि १९९८ पासून युनेस्कोच्या यादीत दोघांचं मिळून एकच राखीव क्षेत्र आहे. खिंडीपलीकडे लेंबाखला मात्र फ्रान्सनं जर्मनीच्या भीतीनं डोंगराच्या पोटात खोदलेला माजिनो तटबंदीचा किल्ला आहे. जर्मन बाजूला तसेच बंकर, त्यांच्यावर आता शेवाळ.

१८७० साली विसेंबुरमध्ये जन्मलेली बाई पंचाहत्तर वर्षांची होईपर्यंत घर न बदलता चारदा देश बदलून बसली. १८७१ला जर्मनी, १९१८ला फ्रान्स, १९४०ला हिटलर, मग पुन्हा फ्रान्स. गावाला लागून असलेल्या मुंडात जंगलाचा एक तुकडा तर १९४९ पासून फ्रेंचांच्या ताब्यात होता, तो जर्मनीकडे परत यायला १९८६ उजाडलं. बेळगावबद्दलचा महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे म्हणून ‘किती वर्षं उगाळणार’ असं विचारणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा. इथली हद्द शहाणपणानं विरघळली नाही. दोन महायुद्धांत दोन्हीकडची माणसं मेली, तेव्हा कुठं थकून ती सैल झाली.

आणि सैल तरी कुणासाठी? जर्मनीनं २०२४च्या सप्टेंबरात सगळ्या जमिनी सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही चौघं परतत होतो. तिघं इथलेच, चौथी मी. वर्दीतल्या एका पोरानं तिघांना हातानंच ‘जा’ म्हटलं आणि माझ्यापुढं तोच हात आडवा केला. रहिवासाचं कार्ड घरी राहिलेलं. फोनमधला त्याचा फोटो दाखवून वीस मिनिटांनी सुटले. पुढं थांबलेल्या तिघांना माझ्यापेक्षा जास्त लाज वाटत होती. तेव्हापासून जर्सीच्या मागच्या खिशात केळ्याशेजारी कार्ड असतं.

आमच्याकडच्या महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवर, शिनोळीला, मला कधी कुणी कार्ड विचारलं नाही. तिथं नंबरप्लेट बघतात. २०२२च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या ट्रकवाल्यानं एमएच-०९ची गाडी चार दिवस दारातून हलवली नव्हती. २०२५च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ कर्नाटकच्या बसच्या कंडक्टरला मारहाण झाली, मग चित्रदुर्गात आपल्या एसटीच्या ड्रायव्हरला काळं फासलं आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या हद्दीपाशी अडल्या. आपल्या हद्दीवर चौकी नाही की कुंपण नाही, आणि तरी ती माणसाला दिवसभर भ्यायला लावते, याची मला जास्त चीड येते.

हे सगळं मामाला फोनवर सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून एकच विचारलं, ‘तिथल्या लोकांना कागद कुठल्या भाषेत येतो?’

विसेंबुरच्या बाजारात एक म्हातारे मिराबेल विकतात, पिवळी, बोरांएवढी आलुबुखारं. माझी फाल्त्सची मैत्रीण त्यांच्याशी तिच्या बोलीत बोलते, ते अल्सेशियनमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या या भागातल्या जर्मन वळणाच्या बोलीत, उत्तर देतात, आणि दोघांचं कुठंच काही अडत नाही. इतकी जवळची भाषा. त्यांची नात शेजारी सुटे मोजत असते. आजोबा तिला बोलीत हाक मारतात, ती फ्रेंचमध्ये ‘काय?’ म्हणते. १९४०ला नाझींनी फ्रेंच बोलण्यावर बंदी घातली. १९४५ नंतर फ्रान्सनं प्राथमिक शाळांतून जर्मन काढून टाकली आणि ‘फ्रेंच बोलणं झोकदार’ अशी जाहिरात केली. शत्रूची भाषा म्हणून आईबापांनीच ती घरात बोलायची सोडली. कागद अर्थातच फ्रेंचमध्ये येतो.

‘मग आम्ही बरे की,’ मामा म्हणाला. ‘आमची नातवंडं कन्नड शाळेत जाऊनही घरात मराठीत भांडतात.’

खरंय. पण सीमाभागातले मराठी लोक निषेधाचा काळा दिन पाळतात, त्याच्या फेरीत मामा ज्या कागदासाठी चालतो, तो अजून मिळत नाही. जिथं १५-२० टक्के लोक दुसऱ्या भाषेचे आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, हे धोरण १९५६चंच आहे. महाराष्ट्र मागतो त्या ८६५ गावांचा नकाशा कोर्ट बघेल तेव्हा बघेल, मी तो दावा सोडा असं म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की श्वाइगेनवाल्यांनी नकाशा हरून मळे राखले, आणि आपण नकाशाच्या नादात मळ्यांचं बघायचं राहून गेलो. मुंबईतले पुढारी डिसेंबरात बेळगावचा ठराव करतात, पण सीमाभागातल्या मराठी माणसाला जमिनीचा उतारा मराठीत मिळावा म्हणून बंगळुरूशी चिकाटीनं बोलणी करताना मी त्यांना फारसं पाहिलं नाही. बंगळुरूचे पुढारी बेळगावात विधानसौध बांधतात, त्याच बेळगावात मराठी फलक दिसला की त्यांच्या माणसांचं डोकं फिरतं. आणि कन्नड येत नाही याचा अभिमान मिरवणारे आमचेही काही आहेत, त्यांना मामासुद्धा शिव्या घालतो. तो स्वतः बाजारात कन्नड फर्डी बोलतो.

मावसभावाला ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. ट्रॅक्टरचा फोटो टाकला, त्याला सोळा अंगठे आले.

दिवाळीला येतेय असं मामाला कळवलं, तर त्याचा उलट निरोप: ‘शिनोळीपर्यंत ये, एसटी पुढं सोडतील-न सोडतील. मी न्यायला येतो. माझी गाडी केए-२२ आहे.’