जीएसटीचा 10 वर्षांचा अनुभव

जाहिरातीत स्वच्छ लिहिलं होतं, 'जीएसटीच्या कामाचा किमान 10 वर्षांचा अनुभव हवा.' जीएसटी देशात लागू झाला 1 जुलै 2017 ला. म्हणजे 10 वर्षं भरायला 2027 चा जुलै उजाडायला हवा. मी पहिल्या दिवसापासून त्यात आहे. माझ्याइतका अनुभव असलाच तर त्या पोर्टललाच असेल, आणि तेही रिटर्नच्या शेवटच्या तारखेला हमखास झोपतं. दिला अर्ज ठोकून.

बोलावणं ऐरोलीचं, सकाळी साडेदहाचं. ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या गाडीत शिरताना इस्त्रीच्या शर्टाचं जे व्हायचं ते झालं. कंपनीच्या गेटवर वहीत नाव, फोन, गाडी नंबर. गाडी नाही म्हटलं तर वॉचमन म्हणाला, "कायतरी लिवा सायेब, रकाना मोकळा ठेवला की आमाला बोलनी बसतात." मी लोकलची वेळ लिहिली. त्याने मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवला आणि मला आत सोडलं.

रिसेप्शनवर सांगितलं, "सर दोन मिनिटांत येतील." ती दोन मिनिटं जेवणाच्या सुट्टीनंतर संपली.

समोर दोघं. एक लॅपटॉपमध्ये बुडालेला, दुसरा माझा रिझ्युमे आयुष्यात पहिल्यांदाच बघणारा.

"रिझ्युमेत नाही असं काहीतरी सांगा."

सकाळपासून पोटात एक चहा आहे, हे रिझ्युमेत नव्हतं. पण नाही बोललो.

"ई-वे बिल किती रकमेच्या वर लागतं?"

"एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल जात असेल तर 50 हजार. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 1 लाख."

"50 हजार," तो म्हणाला. मग लॅपटॉपवाल्याने काहीतरी टाइप केलं, स्क्रीन त्याच्याकडे फिरवली, आणि दोघंही एकदम गंभीर झाले. या व्यवसायात बरोबर उत्तर देणं फार महागात पडतं.

"पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

घोडबंदर रोडवर, ट्रॅफिकमध्ये. हेही गिळलं आणि 'जबाबदारीच्या पदावर' वगैरे पुटपुटलो.

पुढे सामसूम. 'कळवू' म्हणाले होते, ते कुणाला कळवणार होते कोण जाणे. शेवटी मीच फोनवर फोन करून फीडबॅक मागितला, तेव्हा मेल आली: 'उत्तरं गरजेपेक्षा सविस्तर. जीएसटीचा अनुभव अपेक्षेपेक्षा कमी.'

पहिलं मान्य, आमच्या घरातही तेच मत आहे. दुसऱ्यासाठी एचआरच्या मॅडमना फोन लावला.

"मॅडम, कायदाच 2017 चा आहे. 10 वर्षं कुठून आणू?"

"हो सर, पण बाकीच्या कँडिडेट्सकडे होती ना."

"कुणाकडे?"

"ज्यांना घेतलं त्यांच्याकडे तर 12 आहेत."